शेवटचा घोट कधी घेतला?

सकाळी साडेसहा

रात्रपाळीच्या ब्रदरांकडून वही हातात आली की मी आधी एकच रकाना पाहते: शेवटचं व्यसन कधी केलं, वार आणि वेळ. नाव, गाव, वय नंतर. आमच्या केंद्रात तीस खाटा आहेत. त्यातल्या सहा डिटॉक्सच्या खोलीत, ज्यांच्या अंगातून दारू किंवा गर्द अजून उतरायची आहे त्यांच्यासाठी. मी समुपदेशक आहे, औषधं देणं माझं काम नाही. पण दारू बंद होऊन किती तास झाले यावर त्या माणसाचा आजचा दिवस कसा जाणार हे ठरतं, आणि त्याच्याशी मी काय बोलायचं हेही.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करण्यासाठी स्वतःला कायम चढ्या पट्टीत ठेवायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की गुंगी जाते, पट्टी मात्र चढीच राहते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तो भ्रम होतो ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात: ताप चढतो, नाडी पळत सुटते, भान जातं, भिंतीवर किडे आणि साप दिसतात. उपचार नसताना या अवस्थेत तिघांतला एक दगावल्याच्या जुन्या नोंदी आहेत. वेळेवर उपचार मिळाले तर शंभरात पाचही दगावत नाहीत. गर्दची टर्की, म्हणजे ती बंद केल्यावर होणारा त्रास, फार वेदनेची असते, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं पिळून निघतात. पण तिच्यात सहसा जीव जात नाही. दारूच्या टर्कीत जातो. आपण दारूला साधं व्यसन समजतो आणि गर्दला भयंकर, म्हणून हे घराघरांत माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

आज तीन नंबरच्या खाटेवर ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर आहेत. वय चाळिशीच्या आत. काल संध्याकाळी दाखल झाले. रकान्यात लिहिलंय: शेवटची दारू परवा दुपारी. ब्रदर दर काही तासांनी दहा मुद्द्यांची मोजपट्टी लावतात. मळमळ, थरथर, घाम, घालमेल, चुळबुळ, डोकेदुखी, अंगावर काही सरपटल्याचा भास, कानांना आणि डोळ्यांना होणारे भास, आणि आज वार कोणता, आपण कुठे आहोत याची जाण. एकूण गुण ६७. रात्री दहाला त्यांचे ११ होते, पहाटे चारला १७. डॉक्टरांना फोन झालाय, गोळी वाढवली आहे. मी खोलीत जाऊन बसते. ते म्हणतात, "ताई, मला काय झालं न्हाई. पान्याची मोटर चालू ऱ्हायलीय तेवढी बंद करा." खोलीत मोटर नाही. ते मी ब्रदरांना सांगते आणि वहीत लिहून घ्यायला लावते.

सव्वासात

प्रार्थना, व्यायाम, झाडलोट. संडास-बाथरूम धुण्याची पाळी सगळ्यांना असते, तहसील कचेरीतल्या साहेबांनाही आणि हमालालाही. तंबाखूची पुडी बाहेर ठेवायला लावतो, त्यावर रोज कुणीतरी कुरकुर करतं.

साडेआठ

पोहे झाल्यावर गोळ्या. गोळी समोर घ्यायची, पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. हे पोलिसी वाटतं, पण मुठीत गोळी लपवून ती दुसऱ्याला देणं इथे सगळ्यांना जमतं.

डायसल्फिरामची गोळी मात्र आम्ही वेगळी बसून समजावतो. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. कुणाचं हृदय किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर प्रकरण जिवावर बेततं. तिचा परिणाम गोळी थांबवल्यावरही जवळजवळ दोन आठवडे राहतो. म्हणून ज्याने घ्यायची त्याने समजून, स्वतः होकार देऊन घ्यायची. एसटी स्टँडच्या भिंतींवर, रिक्षांच्या मागे "न सांगता दारू सोडवा" अशा पाट्या असतात. बायका उसनवार करून त्या पुड्या आणतात आणि आमटीत कालवतात. पुडीत काय आहे ते विकणाराही सांगत नाही. निव्वळ हळद-सुंठ असेल तर पैसे गेले. कुणी त्यात ही गोळी कुटून घातली असेल, तर न कळता ती खाऊन संध्याकाळी गुत्त्यावर बसणाऱ्याचं काय होईल ते मी वर लिहिलं आहे. शिवाय ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवसापासून तो घरचं अन्न संशयाने खातो. उपचारासाठी लागतो तेवढा विश्वासही मग उरत नाही.

साडेनऊ

डॉक्टर येतात. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, बाकी दिवशी गावातले एमबीबीएस. राउंडमध्ये एक गोष्ट ते नव्या ब्रदरांना पुन्हापुन्हा बजावतात: आधी बी-वन, मग ग्लुकोज. सतत पिणारा माणूस जेवत नाही, त्याच्या अंगात थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व उरलेलं नसतं. अशा माणसाला थेट ग्लुकोजचं सलाईन लावलं तर होतं नव्हतं तेवढं थायमिनही खर्ची पडतं, आणि मेंदूला अशी इजा होऊ शकते की नजर हलते, चाल अडखळते, आणि स्मरणशक्ती जाते ती कधीकधी कायमची. आपल्याकडे "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" हा घरच्यांचा पहिला आग्रह असतो. सलाईन लावणाऱ्याला दारूचं कुणी सांगतच नाही. लाज वाटते.

ड्रायव्हरांची नाडी ११० आहे. डॉक्टर दुपारपर्यंत दर तासाला बघायला सांगतात आणि सिव्हिलमध्ये फोन करून ठेवतात.

साडेदहा

बाहेरच्या बाकावर लोक बसलेले असतात. पहिला फोन मात्र नातेवाइकाचा असतो, आणि रोज कुणाचा तरी असतोच: "मॅडम, तुमची गाडी पाठवा, चार माणसं पाठवा, उचलून न्या." पैसे देऊ म्हणतात. अशी धरून नेणारी ठिकाणं असतात, तिथे मारतात, साखळीला बांधतात. बातम्या येतात तेव्हा आपण हळहळतो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारा मानसिक आजारही आपल्या कक्षेत घेतला आहे. साखळीने बांधणं त्यात सरळ मना आहे. प्रौढ माणूस स्वतःच्या होकाराने दाखल होतो, हा नियम. ज्याची निर्णय घेण्याची कुवतच गेली आहे, जो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला आहे, त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे: दोन जाणकारांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासायचं, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करायचा, आणि तीस दिवसांची मर्यादा. मी फोनवर हे सगळं सांगत नाही. एवढंच म्हणते, "तुम्ही या आधी. ते आले नाहीत तरी तुम्ही या." घरच्या एकाने येऊन बोलायला सुरुवात केली की पुढे कधीतरी तो माणूसही येतो. हे मी खूपदा पाहिलं आहे.

आज बाकावर एक आई आहे, शिक्षिका असावी, पर्स छातीशी धरलेली. मुलगा शेजारी टोपी ओढून बसलाय. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. "एमडी," असं तोच म्हणतो, आईच्या आधी. मेफेड्रोन. पांढरी भुकटी, नाकाने ओढतात. दोन दोन रात्री झोप नाही, भूक नाही, सगळं जग मुठीत आल्यासारखं वाटतं आणि मग अशी उदासी येते की उठून बसवत नाही. हे रसायन २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं. २०२४च्या फेब्रुवारीत दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी शेकडो किलो एमडी जप्त केली, तेव्हा लोक चकित झाले. आमच्या बाकावर मात्र त्याआधीच एमडीवाली मुलं बसू लागली होती.

आई पहिला प्रश्न कुजबुजत विचारते. पोलीस केस होईल का? मी तिला सांगते की उपचारासाठी आलेल्या माणसाची माहिती कायद्याने गोपनीय आहे, आम्ही ती पोलिसांना कळवायला जात नाही. एनडीपीएस कायद्यातही ६४-अ कलम आहे: सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं; उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येतं. हे ऐकून तिचे खांदे खाली येतात. किती महिने वाट पाहिली, मी विचारते. ती बोलत नाही. मुलगा म्हणतो, "दिवाळीपासून हिला माहितीये." आता उन्हाळा लागलाय.

मी मुलाशी एकट्याशी बोलते. एमडीला गर्दसारखं पर्यायी औषध नाही. गर्दवाल्याला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला देता येते, टर्की आवरते, इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेतर्फे तशी केंद्रं चालतात. एमडीत झोप, जेवण, उदासीवर लक्ष आणि बोलणं हाच मुख्य उपचार. म्हणून पहिले दोन आठवडे मला त्याच्या हातांपेक्षा त्याच्या मनाची काळजी असते. मी आडपडदा न ठेवता विचारते: मरून जावंसं वाटतं का? असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. तो बराच वेळ टोपीची पट्टी कुरतडतो. मग म्हणतो, "उतरतं तेव्हा वाटतं." डॉक्टर अजून इमारतीतच आहेत, मी त्यांना थांबवते. तो आजच दाखल होतो, आणि त्याची खाट ब्रदरांच्या टेबलासमोरची.

त्यानंतरचे तिघे दाखल करावे लागत नाहीत. हे लोकांना पटत नाही. एका गवंड्याला गोळ्या देऊन, बायकोला लक्षणं समजावून, दर दोन दिवसांनी बोलावलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी त्याच्या तालुक्याला लागते, तिथला कागद दिला. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून केलेलं देशभरातलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. दारूसाठी मदतीची गरज असलेले ५.७ कोटी लोक देशात आहेत असं त्यात निघालं. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. दारूच्या उत्पादन शुल्कातून राज्यांना दरवर्षी हजारो कोटी मिळतात. त्या पैशाच्या शेजारी हे दोन आकडे ठेवले की मला राग येतो, आणि तो राग योग्य आहे असं माझं मत आहे. बाकावर बसलेला प्रत्येक जण त्या अडतिसांतला एक असतो. बाकीचे सदतीस घरी शपथा घेत असतात.

सव्वाबारा

गटाचा तास. सतरंजीवर गोल. आजचा विषय तलफ. फळ्यावर मी एकच प्रश्न लिहिते: पिण्याची सुरुवात पिण्याच्या किती आधी होते?

कारखान्यातले एक जण हात वर करतात. "पगाराच्या दिवशी मी सकाळपासून भांडण शोधत असतो. चहात साखर कमी पडली तरी चालतं. बायको एक शब्द बोलली की मला जायला कारण मिळतं." सगळे माना डोलावतात. कुणाचं ठिकाण टपरी, कुणाचा मित्र, कुणाचा उसाच्या हंगामाचा शेवटचा हिशेब, कुणाचा मयतीहून परत येतानाचा रस्ता. मी ते लिहीत जाते. उपाशी पोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जपायच्या, हे इथे नवा आलेलाही चार दिवसांत पाठ म्हणतो. तलफ चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तेवढा अर्धा तास काय करायचं हे आधी ठरवलेलं हवं. पाणी, काहीतरी खाणं, फोन, जागा सोडणं. "मनाशी निर्धार" असं कुणी म्हणालं तर मी त्यांना विचारते, निर्धार संध्याकाळी सहाला कुठे ठेवलेला असतो?

गुरुजी आज बोलतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, दुसऱ्यांदा आलेले. वर्षभराहून जास्त सुटली होती. मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी आग्रह केला. "एकच घेतली," ते म्हणतात. "आणि काहीही झालं नाही. घरी गेलो, झोपलो, सकाळी शाळेत. तिथंच मी फसलो, ताई. काहीतरी झालं असतं तर मी घाबरलो असतो." दोन महिन्यांत पुन्हा सकाळी उठल्या उठल्या लागायला लागली. त्यांना लाज वाटते ती दुसऱ्यांदा आल्याची. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यावर रक्तदाब पुन्हा चढला तर आपण त्या माणसाला निर्लज्ज म्हणत नाही, औषध परत सुरू करतो. गुरुजींनी पहिल्या खेपेनंतर आठव्या महिन्यात फॉलोअपला येणं बंद केलं होतं, कारण सगळं छान चाललं होतं. ही गोष्ट मी सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेते: छान चाललं होतं म्हणून येणं बंद केलं.

दुपारी दोन

ड्रायव्हर उठून बसलेत. उजवा हात हवेत गिअर टाकतोय, डावा पाय क्लच दाबतोय. "ट्रॉली मागं घे, मागं घे, मानसं हाईत!" ते ओरडतात आणि खाटेवरून उतरायला बघतात. भ्रमात माणूस आपलंच काम करत राहतो; शिंपी सुई ओवतो, न्हावी कात्री चालवतो. अंग तापलंय, नाडी १३०च्या वर, घामाने चादर भिजलेली. दोघे कार्यकर्ते त्यांना धरून ठेवतात. हे कार्यकर्ते स्वतः कधीकाळी याच खोलीत होते, त्यांचा हात दाबत नाही, फक्त धरतो. मी त्यांच्या समोर बसून सावकाश बोलते. "भाऊ, तुम्ही केंद्रात आहात. दुपार झाली आहे. ट्रॅक्टर बंद आहे. मी ताई." लाइट चालू, पडदे उघडे, कारण सावल्यांतून भास वाढतात. ब्रदर डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन देतात. १०८ला फोन झालेला आहे. याच्यापुढचं आमच्याकडे नाही, आयसीयू लागणार. रुग्ण हातचा जाईल, फी जाईल म्हणून अशा वेळी ठेवून घेणारी केंद्रं असू नयेत.

गाडी येईपर्यंत त्यांची बायको आणि थोरला भाऊ येतात. भाऊ दाराशी उभे राहून बोलतात. "ताई, हंगाम संपला. उचल फिटली. म्हनलं आता सुटल. परवा दुपारपासनं आमीच खोलीत कोंडून ठिवला. जेवान आतच दिलं. पयल्यांदा वरडला, मग हात कापाय लागलं, मग काल सांजच्याला बोलाय लागला भिताडासंगं." ते रडत नाहीत, पण बोलताना टोपी हातात पिळतात. "आमी वाईट क्येलं का?"

मी त्यांना खोटं सांगत नाही आणि दोषही देत नाही. सोडवायची म्हणूनच कोंडलं, हे मी म्हणते. पण रोज सकाळी उठल्यावर पिणाऱ्याची दारू अशी एकदम, औषधाशिवाय, बंद खोलीत थांबवायची नसते, त्याला आधी दवाखान्यात आणायचं असतं, हेही त्याच वाक्यात सांगते. कारण भाऊ उद्या गावात जातील आणि तिथे असंच कोंडलेला कुणीतरी असेल. माळ घालून सोडतात, देवळात नारळ फोडून सोडतात, आईच्या पायावर हात ठेवून सोडतात. माझा माळेला विरोध नाही, वारीने कितीतरी लोकांना सावरलं आहे. माळ घालायच्या आधी मात्र डॉक्टरांना विचारा, पूर्वी कधी दारू थांबल्यावर फिट आली होती का, हात थरथरतात का. फिट येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा येण्याचा धोका जास्त.

१०८ येते. गाडीतल्या डॉक्टरांना ब्रदर वहीतल्या पानाचा फोटो काढून देतात: शेवटची दारू कधी, कोणती गोळी किती वाजता, बी-वन दिलंय.

दुपारी चार

घरच्या बायकांचा गट. पुण्यात येरवड्याला १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीच्या कामाने एक गोष्ट धरून ठेवली आहे: घरच्यांनाही उपचार लागतो. ज्याला व्यसन आहे त्याचं लक्ष बाटलीवर असतं आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. तो आला की तोंडाचा वास घ्यायचा, खिसे तपासायचे, मालकाला फोन करून "त्यांना ताप आलाय" म्हणून सांगायचं, उधारी भागवायची. बाई यातच संपून जाते.

आज एकजण बोलते. नवऱ्याची सुटून तीन महिने झाले. आम्हा सगळ्यांना वाटलं, पेढे आणलेत. ती म्हणते, "ताई, ते आता पीत नाहीत. वेळेवर येतात. पोरांचा अभ्यास घेतात. आणि मला त्यांचा इतका राग येतोय की त्यांच्या ताटात वाढवत नाही." बाकीच्या गप्प होतात. मग एक म्हणते, मला पण. तिसरी म्हणते, मला वाटलं मीच तसली आहे. तो पीत होता तेव्हा जगायची घाई होती, रागवायला सवड नव्हती. आता सवड मिळाली आणि बारा वर्षांचा राग वर आला. हा राग येणं ठीक आहे, हे मी सांगते. नवऱ्यावर रोज ओतून तो संपायचा नाही, म्हणून इथे या, इथे बोला. घरात तो सुटला की सगळं गोड होईल असं आम्हीच कधी सांगू नये. सुटल्यानंतरचं वर्ष अवघड असतं.

पैशाचं बोलणं होतं. पोस्टात स्वतःच्या नावाचं खातं, पगाराच्या दिवशी बरोबर कोण जाणार. मार खाणाऱ्या बाईला मी वेगळं थांबवते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांचा नंबर तिच्या फोनमध्ये मैत्रिणीच्या नावाने घालून देते. नवरा आजारी आहे म्हणून त्याचा मार सहन करायचा, असं आम्ही कुणालाही शिकवत नाही.

आणि जिला स्वतःलाच व्यसन आहे ती या गटातही बोलत नाही. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, कधी दारू. ती सर्वांच्या शेवटी, चप्पल घालताना, "माझ्या एका बहिणीला" म्हणून विचारते. आमच्याकडे बायकांसाठी खाट नाही, याची मला लाज वाटते. पुण्याला मुक्तांगणात स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे, पण आमच्या जिल्ह्यातल्या बाईने मुलं कुणाकडे ठेवून तिकडे जायचं? पुरुष दाखल झाला की बायको घर चालवते. बाई दाखल झाली की डबाही कुणी आणत नाही. मी "बहिणीसाठी" सिव्हिलच्या मानसोपचार विभागातली वेळ घेऊन देते आणि बरोबर येऊ का, असं विचारते.

संध्याकाळी सहा

फोन. केंद्रातून गेलेल्यांची यादी. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. एकाचा फोन बंद. एकाची आई उचलते आणि सांगते, तो गेला, मागच्या महिन्यात, लिव्हर. यादीतलं नाव मी लगेच खोडत नाही. एक ऊसतोडीला कर्नाटकात होता, आता परतलाय. जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या त्या संपल्या, पण सुटलेली आहे. "मुकादम म्हंतो लई काम करतोस." एक पिऊन बोलतो आणि शिव्या देतो. मी ऐकते आणि म्हणते, उद्या सकाळी ओपीडी आहे, प्यायला असाल तरी या.

सात

एएचे, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे, सभासद येतात. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून सावरले, तिथून ही संस्था सुरू झाली. आमच्या गावात ती शाळेच्या एका वर्गात भरते. फी नाही, आडनाव नाही. घाऊक किराणाचे एक व्यापारी आज केंद्रातल्या नव्या मुलाशेजारी बसतात आणि स्वतःची गोष्ट सांगतात. एमडीवाल्याने टोपी काढली आहे.

नऊ

सिव्हिलमधून फोन आला. ड्रायव्हर आयसीयूत आहेत, ताप थोडा उतरलाय, भान नाही. आणखी दोन दिवस बघावे लागतील.

वही रात्रपाळीला देताना पुन्हा फोन वाजतो. अनोळखी नंबर, पुरुषाचा आवाज. कुणाकडून तरी ऐकलं म्हणतो. दुपारी बायकोसमोर शपथ घेऊन त्याने बाटली मोरीत ओतली, आता हात थरथरतायत, चहाचा कप धरवत नाही. मी विचारते: शेवटचा घोट कधी? सकाळी. रोज किती? तो आधी "थोडी" म्हणतो. मी थांबते. मग तो म्हणतो, तीन क्वार्टर, कधी चार. पूर्वी फिट? एकदा, दोन वर्षांपूर्वी, मोटारसायकल विकायला गेलो होतो तेव्हा. शुगर? नाही. घरी कोण? बायको.

"मग आज रात्री सिव्हिलला जायचं. सकाळची वाट नाही पाहायची. एकट्याने गाडी चालवायची नाही."

"पन ताई, मी तर सोडलीय. दवाखाना कशाला?"

"सोडलीत म्हणूनच."

तो विचारतो, तिथले डॉक्टर ओरडतील का. कदाचित ओरडतील, मी म्हणते, ओरडले तरी ऐकून घ्या, पण केसपेपरवर खरा आकडा लिहायला लावा, आणि फिटचं सांगा, आणि बी-वनचं इंजेक्शन विचारा. मग बायको फोन घेते. यावेळी रिक्षा मिळत नाही, ती सांगते. मी तिला १०८ फिरवायला सांगते, आणि रात्रीत मी उचलला नाही तर बोलायला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर देते. ती आकडे परत म्हणून दाखवते. मागे मूल काहीतरी विचारतंय, ती त्याला शेजारच्या काकूंकडे जायला सांगते आणि मला म्हणते, "फोन ठेवते ताई, गाडीला लावते."